विश्लेषण : इलेक्ट्रिक गिटारवर केलेला खर्च विकताना परत का मिळत नाही?

२० जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीज या लिलावगृहात 'पिंक फ्लॉइड'च्या डेव्हिड गिल्मरची काळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. ही गिटार काही जशीच्या तशी जपून ठेवलेली नव्हती. तिचा नेक अनेकदा बदलला होता, पिकअप बदलले होते, वेगळा ब्रिज बसवण्यासाठी लाकूड कोरले होते आणि पुढे ते पुन्हा बुजवलेही होते. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या कॉलेज बँडच्या गिटारवादकाने आपल्या गिटारला नेमके हेच केले, तर विकताना तिची किंमत वाढत नाही. उलट घसरते.

ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ठिकाणी 'पिकअप बदललेले, ट्यूनर नवे, एकूण खर्च अमुक' अशा जाहिराती रोज दिसतात आणि तो खर्च वसूल करण्याची विक्रेत्याची अपेक्षा बहुतेकदा फोल ठरते. दुसरीकडे, नवखा खरेदीदार चकचकीत रंग पाहून गिटार घेतो आणि नेक पिळवटलेला आहे हे घरी आल्यावर त्याला कळते. वाजवणाऱ्याने गिटार घ्यावी कशी, तिच्यात बदल करावेत कोणते आणि विकताना नुकसान कमी कसे करावे, याचा हा आढावा.

किंमत नेमकी कशाची?

प्रत्येक गिटारला दोन किमती असतात. एक वाजवणाऱ्याच्या हातातली. नेक हाताला कसा लागतो, सूर किती टिकतो, आवाज आवडतो का, यावर ती ठरते. दुसरी बाजारातली. ती ठरते ब्रँड, मॉडेल, कुठल्या देशात बनली, किती जुनी आणि मूळ स्थितीत आहे का यावर. या दोन किमती एकाच दिशेने हलतील याची काही हमी नसते, आणि गिटारच्या व्यवहारातले बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

एकाच आकाराच्या गिटारचे भाव किती वेगळे असू शकतात, हे फेंडरच्या उदाहरणावरून दिसते. स्ट्रॅटोकास्टर अमेरिकेत बनते, मेक्सिकोत बनते आणि फेंडरच्याच 'स्क्वायर' या स्वस्त ब्रँडखाली इंडोनेशिया व चीनमध्येही बनते. लांबून पाहिले तर तिघी बहिणी वाटतात, पण किमतीत काही पटींचा फरक असतो. गिब्सन आणि तिचा स्वस्त ब्रँड 'एपिफोन' यांचेही तसेच. चांगला सेटअप केलेली स्क्वायर ही दुर्लक्षित अमेरिकन फेंडरपेक्षा वाजवायला सुखाची असू शकते, पण बाजार तिला फेंडरचा भाव देणार नाही.

जुन्या गिटारच्या बाबतीत तर बाजार आणखी काटेकोर असतो. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी आपली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएसला विकली. त्याआधीच्या फेंडर गिटारना संग्राहक 'प्री-सीबीएस' म्हणतात आणि त्यांना वेगळाच भाव येतो. गिब्सनच्या १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉलचेही तसेच. अशा गिटारचा मूळचा रंग खरवडून नवा दिला, तरी किंमत मोठ्या प्रमाणात उतरते. संग्राहकाला त्या वर्षीचे लाकूड, रंग आणि स्क्रू जसेच्या तसे हवे असतात, चांगली वाजणारी गिटार त्याला इतरत्रही मिळते.

मग वादक गिटारमध्ये बदल करतातच का?

कारण इलेक्ट्रिक गिटार मुळात उघडता येईल अशीच बनवली गेली. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. १९५० मध्ये त्यांनी बाजारात आणलेली भरीव लाकडाची गिटार पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. दोन्हींत नेक बॉडीला चिकटवलेला नसतो, चार स्क्रूंनी आवळलेला असतो. कारखान्यात जोडणी पटकन व्हावी आणि नेक खराब झाला तर तो काढून दुसरा लावता यावा, असा साधा हिशेब त्यामागे होता. स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर पिकअप, स्विच, व्हॉल्यूमचे नॉब हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेले. ती उघडली की पूर्ण सर्किट समोर येते.

हे सर्किटही बारावीच्या भौतिकशास्त्रातले आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार त्यावर थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडेच्या नियमानुसार वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो. एका कॉइलच्या पिकअपमध्ये घरातल्या वीजप्रवाहाची ५० हर्ट्झची गुणगुणही शिरते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५०च्या दशकात दोन कॉइल उलटसुलट जोडून ही गुणगुण मारणारा 'हमबकर' तयार केला. त्याचा आवाज जाडसर, भरदार असतो, तर सिंगल कॉइलचा टोकदार आणि स्वच्छ.

दोन्हींचे गुण एकाच गिटारमध्ये असावेत, या इच्छेतून बदलांची परंपरा वाढली. एडी व्हॅन हेलनला गिब्सनचा आवाज हवा होता आणि स्ट्रॅटसारखा ट्रेमोलो ब्रिजही. त्याने मुलाखतींत सांगितल्यानुसार ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरचा नेक घेऊन त्याने स्वतःच गिटार जुळवली आणि तिच्यात गिब्सनचा हमबकर बसवला. 'फ्रँकेनस्टाइन' म्हणून ती ओळखली जाते. एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' ही १९५०च्या दशकातल्या तीन स्ट्रॅटोकास्टरचे चांगले चांगले भाग निवडून जुळवलेली होती. १९७०च्या दशकात लॅरी डिमार्झिओ आणि सेमूर डंकन यांनी बदलीसाठीचे पिकअप बनवायला सुरुवात केली आणि हा उद्योगच उभा राहिला. आज भारतातही हे पिकअप ऑनलाइन मागवता येतात.

खर्च परत का मिळत नाही?

एका काल्पनिक हिशेबाने हे स्पष्ट होईल. समजा, २० हजार रुपयांची नवी गिटार घेतली. दोन वर्षांनी वापरलेल्या स्थितीत तिला १३ हजार मिळतात. दरम्यान तिच्यात ९ हजारांचे पिकअप, ४ हजारांचे ट्यूनर आणि २ हजारांची मजुरी असा १५ हजारांचा खर्च केला. मालकाच्या डोक्यात आकडा असतो ३५ हजार. खरेदीदाराच्या डोक्यात मात्र दोनच तुलना असतात. याच मॉडेलची न बदललेली जुनी गिटार १३ हजारांत मिळते, आणि ३० हजारांच्या आसपास वरच्या दर्जाची दुसरी गिटार नवी मिळते. मग बदललेल्या गिटारला तो १५ हजारांच्या वर जायला सहसा तयार होत नाही.

यामागे तीन कारणे आहेत. पहिले, आवाजाची आवड व्यक्तिगत असते. मेटल वाजवणाऱ्याने बसवलेला जोरकस पिकअप ब्लूज वाजवणाऱ्याला नकोसा वाटतो. विक्रेत्याने मोजलेले पैसे खरेदीदाराच्या लेखी उलट काढून टाकण्याचे काम ठरते. दुसरे, विश्वास. कंपनीतून आलेल्या गिटारचे सर्किट कसे असेल हे माहीत असते. दुसऱ्या कुणी सोल्डर केलेल्या गिटारमध्ये काय निघेल, ते उघडल्याशिवाय कळत नाही. तिसरे, मजुरीला पुनर्विक्रीची किंमतच नसते. सुट्या भागांना थोडीफार असते, पण कारागिराच्या दोन तासांना नाही.

गिल्मरच्या गिटारचे काय, असा प्रश्न यावर येतो. तिथे किंमत गिटारची नव्हती, ती वाजवणाऱ्या हाताची होती. 'द डार्क साइड ऑफ द मून' आणि 'विश यू वेअर हिअर' या अल्बमवर ती वाजली आहे. तिच्यावरचा प्रत्येक बदल हा त्या ध्वनिमुद्रणांच्या इतिहासाचा पुरावा होता. क्लॅप्टनची जुळवाजुळव केलेली 'ब्लॅकी' २००४ मध्ये ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना गेली, तीही याच कारणाने. पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचे चुंबक उलटे होते. दोन्ही पिकअप एकत्र लावले की नाकातून आल्यासारखा वेगळाच आवाज यायचा. तांत्रिकदृष्ट्या तो दोषच, पण तोच त्या गिटारची ओळख ठरला. पुढे ती गॅरी मूरकडे आणि नंतर 'मेटॅलिका'च्या कर्क हॅमेटकडे गेली. हेच उलटे चुंबक आपल्या गिटारमध्ये असेल तर खरेदीदार म्हणेल, वायरिंग बिघडले आहे, दोन हजार कमी करा.

बदल करायचे तर आधी कोणते?

सर्वांत आधी सेटअप. तंबोऱ्याची जवारी नीट लागली नसेल तर कितीही चांगला भोपळा असला तरी तो बोलत नाही, हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही. गिटारचेही तसेच. नेकचा बाक, तारांची उंची आणि स्वरांची शुद्धता या तीन गोष्टी जुळवल्या की 'आवाज आवडत नाही' ही तक्रार निम्म्याने कमी होते.

नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. नेहमीच्या १० नंबरच्या सहा तारा मिळून नेकला सुमारे ४५ किलोचा ताण देतात. त्याला विरोध करण्याचे काम ही सळई करते. सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली, की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट हवी. फट खूप असेल तर सळई घट्ट करायची, अजिबात नसेल तर सैल. एका वेळी पाव वळशापेक्षा जास्त फिरवू नये आणि जोर लावावा लागत असेल तर थांबून कारागिराकडे जावे.

स्वरांची शुद्धता तपासायला ट्यूनर ॲप पुरते. बाराव्या फ्रेटवर तारेला हलका स्पर्श करून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला स्वर एकच यायला हवा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरची ती खुंटी नेकपासून मागे न्यायची, उतरलेला असेल तर नेककडे पुढे आणायची.

त्यानंतरचे बदल स्वस्त आहेत. तार ताणल्यावर सूर उतरत असेल तर नवे ट्यूनर घेण्याआधी नट पाहावा. तार नटच्या खाचेत अडकत असते. खाचेत साध्या पेन्सिलीचे शिसे घासले तरी बऱ्याचदा फरक पडतो. गुणगुण जास्त असेल तर पिकअपच्या पोकळीला आतून तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडता येते. खरखरणारा व्हॉल्यूम नॉब बदलायला फारसा खर्च येत नाही. सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचा आणि हमबकरसाठी ५०० किलोओहमचा पॉट सहसा वापरतात, एवढे लक्षात ठेवावे.

पिकअप बदलणे त्याच्याही नंतर. आणि इथे एकच नियम पाळावा, बदल उलटा फिरवता आला पाहिजे. त्याच मापाचा पिकअप, त्याच भोकांत बसणारे ट्यूनर, नवे पॉट हे सगळे काढून मूळ भाग परत लावता येतात. लाकूड कोरणे, नवी भोके पाडणे, रंग काढणे, नेकची मागची बाजू घासणे हे परत फिरवता येत नाही. स्ट्रॅटमध्ये हमबकरचा आवाज हवा असेल, तर सिंगल कॉइलच्याच आकारात बसणारे हमबकर मिळतात. त्यासाठी लाकडाला हात लावावा लागत नाही.

सोल्डरिंग शिकण्यासाठी आपली एकमेव चांगली गिटार वापरू नये. एखादी स्वस्त, जुनी गिटार त्यासाठी बरी. काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून नाव लिहून ठेवावा. वायरिंगचा फोटो काम सुरू करण्याआधी काढावा.

वापरलेली गिटार घेताना काय तपासावे?

वापरलेली गिटार घेण्याचा मोठा फायदा म्हणजे पहिली घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. ती चांगली सांभाळली तर वर्षभराने जवळपास त्याच किमतीला विकता येते. म्हणजे वाजवून पाहण्याचा खर्च जवळजवळ शून्य. मात्र त्यासाठी गिटार प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे.

सुतार फळी डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहतो, तसा नेक पाहावा. पुढे किंवा मागे वाकलेला नेक ट्रस रॉडने सुधारतो. पिळवटलेला, म्हणजे एक कड वर आणि एक खाली गेलेला नेक सहसा सुधारत नाही. अशी गिटार सोडून द्यावी. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का, हे विक्रेत्यालाच दाखवायला सांगावे.

फ्रेटवर तारांखाली खोल खाचा पडल्या आहेत का पाहावे. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. आवाज मरतो किंवा खरखरतो ती जागा लक्षात ठेवावी. तार वर ढकलून बेंड केल्यावर स्वर अचानक बंद पडत असेल तर फ्रेट समतल करावे लागतील. सर्व फ्रेट नवे बसवण्याचा खर्च स्वस्त गिटारच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. तो आधीच किमतीतून वजा करून बोलणी करावीत.

नटच्या मागे, डोक्याचा भाग नेकला मिळतो तिथे बारीक रेघ आहे का हे टॉर्च लावून पाहावे. गिब्सन पद्धतीच्या गिटारमध्ये डोके मागे कलते असते आणि पडल्यावर तिथेच तडा जातो. नीट चिकटवलेली गिटार वाजवायला उत्तम असू शकते, पण तिचा बाजारभाव बराच खाली असतो. हे माहीत असेल आणि किंमत त्याप्रमाणे असेल तर वाजवणाऱ्यासाठी तो चांगला सौदाही ठरतो.

ॲम्पला जोडून प्रत्येक पिकअप, स्विचची प्रत्येक जागा आणि प्रत्येक नॉब तपासावा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थ वायर जोडलेली आहे असे समजावे. हाताला झिणझिण्या आल्या तर वाजवणे लगेच थांबवावे आणि आधी सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला वायरच नसते असे आढळते. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये.

हवामानही विचारात घ्यावे. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, ब्रिजच्या खुंट्यांचे बारीक स्क्रू गंजतात. ते फिरतात का हे पाहावे, कारण गंजून अडकले तर पूर्ण ब्रिज बदलावा लागतो. उलट विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके बाहेर येऊन हाताला टोचतात. नागपूरहून मुंबईला आणलेली गिटार आठवडाभर तशीच ठेवून मगच सेटअप करावा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवण्याची सवय पावसाळ्यात उपयोगी पडते.

नकली गिटार कशी ओळखायची?

गिब्सन आणि फेंडरच्या नकला बाजारात आहेत. डोक्यावरचे नाव आणि सिरियल नंबर दोन्ही खोटे छापलेले असतात. त्यामुळे 'नंबर वेबसाइटवर जुळतो' हा पुरावा पुरेसा नाही, खऱ्या गिटारचा नंबरही नकलेवर छापता येतो. तरी नंबर वाचता येणे चांगले. १९७७ पासून दीर्घकाळ गिब्सनच्या नेहमीच्या अमेरिकी गिटारवर आठ आकडी नंबर असे. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होते, तर दुसरा ते चौथा आकडा वर्षातला कितवा दिवस ते सांगतो. म्हणजे नंबर ८२७६५ ने सुरू होत असेल तर गिटार १९८५ सालातल्या २७६व्या दिवसाची, ३ ऑक्टोबरची. दिवसाच्या जागी ४०० असेल तर पुढे बोलायचे कारण नाही.

गिब्सनच्या ट्रस रॉडवरच्या छोट्या झाकणाला सहसा दोन स्क्रू असतात, बऱ्याच नकलांमध्ये तीन दिसतात. फेंडरच्या अनेक गिटारमध्ये नेकच्या टोकाला, बॉडीत बसणाऱ्या भागावर तारीख असते. मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर चार स्क्रू काढून ती पाहण्याची विनंती करण्यात गैर काही नाही. मूळ बिल, केस आणि मालकाकडचे जुने फोटो मागावेत. भाव अविश्वसनीय कमी असेल तर गिटार नकली तरी असते किंवा चोरीची तरी.

परदेशातून आणताना लाकडाकडेही लक्ष हवे. गिटारच्या फिंगरबोर्डसाठी जगभर वापरले जाणारे रोझवूड हे बऱ्याचदा आपल्याच सह्याद्री आणि दक्षिणेतल्या जंगलांत वाढणारे शिसवी असते. जानेवारी २०१७ मध्ये 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय करारात रोझवूडच्या सर्व जाती नियंत्रणाखाली आल्या तेव्हा गिटार विक्रेत्यांची मोठी अडचण झाली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला मात्र ही सूट नाही. १९६०च्या दशकाआधीच्या गिटारमध्ये ते सर्रास आढळते, त्यामुळे अशी जुनी गिटार सीमेपार नेताना परवान्याची चौकशी आधी करावी.

विकताना नुकसान कमी कसे करावे?

वरचा काल्पनिक हिशेब पुन्हा घेऊ. बदललेली गिटार आहे तशी विकली तर १५ हजार. पण मूळ पिकअप आणि ट्यूनर जपून ठेवलेले असतील तर ते परत बसवून गिटार १३ हजारांना विकता येते. काढलेले ब्रँडेड पिकअप ५ हजारांना आणि ट्यूनर २ हजारांना वेगळे विकले, तर एकूण २० हजार होतात. म्हणजे एका पिशवीत जपलेल्या जुन्या भागांची किंमत ५ हजार. शिवाय ते पिकअप न विकता पुढच्या गिटारमध्येही वापरता येतात.

जाहिरातीत सगळे सांगून टाकावे. कोणता भाग बदलला, कुणी बदलला, कुठे टवका उडाला आहे, फ्रेट किती झिजले आहेत. दोषाचा जवळून काढलेला फोटो टाकला की दहा फोन कमी येतात, पण जो येतो तो घासाघीस न करता घेऊन जातो. नव्या तारा लावून, पुसून, सेटअप करून दाखवलेली गिटार लवकर विकली जाते. काही शे रुपयांचा हा खर्च मात्र परत मिळतो. भाव ठरवताना इतरांनी मागितलेल्या किमती पाहू नयेत, त्या महिनोन् महिने तशाच पडून असतात. प्रत्यक्ष कितीला गेल्या हे ओळखीच्या वादकांना विचारावे.

पैसे घेताना सावध राहावे. 'मी गिटार न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असे सांगणारा खरेदीदार नसतो. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे. शक्यतो भेटूनच व्यवहार करावा आणि सिरियल नंबरसह दोन ओळींची पावती द्यावी-घ्यावी.

कुरिअरने पाठवायची वेळ आली तर तारा थोड्या सैल कराव्यात, पूर्ण उतरवू नयेत. नेक आणि डोक्याच्या खालची पोकळी कागद किंवा फोमने घट्ट भरावी. खोक्यात गिटार हलता कामा नये, कारण प्रवासात तडा जातो तो डोक्यापाशीच. पॅक करतानाचा व्हिडीओ काढून ठेवावा.

थोडक्यात हिशेब काय?

गिटारवर पैसे घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सेटअप केल्यावरही ही तक्रार राहते का? हा बदल उलटा फिरवता येईल का? आणि ही गिटार मी कधीच विकली नाही, तरी हा खर्च मला पटेल का? तिन्हींची उत्तरे 'हो' असतील तर बदल खुशाल करावा. तो रोजच्या वाजवण्यात वसूल होतो. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल आणि विकताना किंमत वाढेल एवढीच आशा असेल, तर ते पैसे बाजूला ठेवावेत. थोडी भर घालून पुढची, वरच्या दर्जाची वापरलेली गिटार त्यातच येऊ शकते.